इंचाला अठ्ठावन्न लाख

पुण्यात जागेचा भाव चौरस फुटात सांगतात, सोन्याचा तोळ्यात आणि हापूसचा, गिऱ्हाईक कितीही कळवळलं तरी, डझनात. आमच्या घरात सध्या एका गोष्टीचा भाव थाऊमध्ये चालू आहे. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. भोसरी-चिंचवडच्या वर्कशॉपांत मिलिमीटर आणि मायक्रॉन येऊन जमाना झाला, तरी जुने कामगार अजून थाऊतच बोलतात. माणसाचा केस साधारण दोन ते चार थाऊ जाड असतो. माझा मोजून पाहावा असं कुणाला वाटलं नाही. नमुना पुरेसा नव्हता.

हिशेब असा. माझ्याकडे एक जुनं कॉर्नेट आहे. त्याला तीन पिस्टन. प्रत्येक पिस्टन आणि तो ज्या नळकांड्यात वरखाली होतो ते नळकांडं, यांच्यात पाच थाऊंची फट पडलेली. ती एका थाऊवर आणायची, म्हणजे प्रत्येकी चार आणि एकूण बारा थाऊ भरून काढायचे. परदेशातल्या एका कारागिराने कळवलेला अंदाज, दोन्ही बाजूंचं कुरिअर, विमा आणि कस्टम्स धरून रक्कम गेली सत्तर हजारांच्या घरात. सत्तर हजार भागिले बारा. थाऊला पाच हजार आठशे. म्हणजे इंचाला अठ्ठावन्न लाख.

"प्रभात रोडलाही इंचाला हा भाव नाही," बायको म्हणाली. "आणि तिथे पार्किंग मिळतं."

बायको चार्टर्ड अकाउंटंट आहे. तिच्या बोलण्यात टोमणा नसतो, नुसती नोंद असते. टोमण्याला उत्तर देता येतं.

ज्यांना बँडमधलं फक्त पितळ दिसतं त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. नुसत्या नळीत फुंकलं की मोजकेच स्वर निघतात. बिगुलात तेवढेच असतात. सैनिकांना उठवायला आणि झोपवायला पुरतात. मधले स्वर हवे असतील तर वाजवता वाजवता नळीची लांबी बदलायला हवी. व्हॉल्व्ह तेच काम करतो. बोटाने पिस्टन दाबला की हवा सरळ न जाता एका जादा वेटोळ्यातून फिरून येते, नळी तेवढी लांब होते आणि आवाज उतरतो. दुसरा पिस्टन अर्धा स्वर उतरवतो, पहिला एक, तिसरा दीड. तीन बोटांत बारा स्वर. उरलेली सात बोटं वाद्य धरायला आणि शेजाऱ्यांना नमस्कार करायला मोकळी.

१८१८ हे साल मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतं आणि त्याचं कारण काही पेढे वाटण्याजोगं नाही. इकडे पेशवाई बुडत होती त्याच वर्षी तिकडे बर्लिनमध्ये हाइनरिश श्टोल्त्सेल आणि फ्रीडरिश ब्ल्यूमेल या दोघांनी मिळून व्हॉल्व्हचं पेटंट घेतलं. मूळ कल्पना कुणाची यावरून पुढे दोघांत वाद झाला, हे वाचल्यापासून मला ते दोघे सदाशिव पेठेतले वाटतात. आज दिसतो तो पिस्टन मात्र पॅरिसच्या फ्रांस्वा पेरिनेचा, १८३९चा. त्याच्यानंतर जगाने त्यात फारशी ढवळाढवळ केलेली नाही. केली असती तर माझे पैसे वाचले असते, कारण पेरिनेच्या पिस्टनची अट जाचक आहे. तो नळकांड्यात इतका सैल हवा की बोट उचलताच स्प्रिंगच्या जोरावर टुणकन वर यावा, आणि इतका घट्ट हवा की त्याच्या कडेने हवा निसटू नये. या सैल आणि घट्टच्या मध्ये जी जागा उरते ती एखाद्या थाऊची. सगळे पैसे त्या जागेचे.

वाद्य घेतलं जुन्या बाजारातून, रविवारी. जुन्या बाजारातली प्रत्येक वस्तू एकतर मिल्ट्रीची असते नाहीतर एखाद्या पारशाच्या बंगल्यातली. विक्रेत्याने हे कॉर्नेट पंख्यांचे रेग्युलेटर आणि बिनपायांचं शिलाई मशीन यांच्यामध्ये मांडलं होतं. "मिल्ट्रीचं हाय साहेब," तो म्हणाला. एरवी मी हसलो असतो, पण इथे त्याचं म्हणणं अगदीच अशक्य नव्हतं. खडकीत आणि कॅम्पात पलटणी होत्या, पलटणींना बँड होते आणि गोऱ्यांच्या बँडची वाद्यं विलायतेहून यायची. पुढच्या पसरट तोंडावर झिजक्या अक्षरांत कोरलेलं होतं: बूझी अँड कंपनी, २९५ रीजंट स्ट्रीट, लंडन. मी साडेतीन हजार दिले. त्याने ते मोजलेसुद्धा नाहीत. जुन्या बाजारात विकणाऱ्याने नोटा न मोजणं हे शुभ लक्षण नव्हे.

आता कॉर्नेटच का? तर चिक चॉकलेटमुळे. गोव्यातल्या हळदोण्याचे अँतोनिओ झेवियर वाझ मुंबईला आले, ट्रंपेट घेऊन चिक चॉकलेट झाले, ताजमध्ये वाजवू लागले आणि लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं संगीत असलेल्या, भगवानदादांच्या १९५१च्या 'अलबेला'त ते पडद्यावरही दिसतात, आपल्या वादकांसह. मला तबल्याच्या शिकवणीला घातलं होतं त्या वयात मी तो सिनेमा पाहिला. तबल्याचे मास्तर नंतर वर्षभर विचारत होते की पोराचं लक्ष कुठे असतं. ट्रंपेटपेक्षा कॉर्नेट बुटकं आणि आवाजाला जरा मवाळ. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने महत्त्वाकांक्षेला एवढी मुरड घालायला हरकत नाही.

वाद्य घरी आलं. मी फुंकत होतो आणि ते वाजत नव्हतं. म्हणजे वाजत होतं, पण एखादी बातमी दुसऱ्या खोलीतून कळावी तसं. मला वाटलं दम माझ्यात नाही. म्हणून पहाटे प्राणायाम सुरू केला, टेकडीवर जाऊ लागलो, रक्तातली साखर उतरली. पण कॉर्नेटचा आवाज काही चढेना. शेवटी एका बँडमास्तरांना गाठलं. लग्नसराईत बँडवाला सापडत नाही आणि गणपतीत सापडला तरी ऐकू येत नाही. त्याला भेटायचं तर पितृपक्षात.

मास्तरांनी वाद्य तोंडाला लावलंच नाही. दुसऱ्या पिस्टनच्या वेटोळ्याची छोटी नळी धरली आणि पिस्टन न दाबता झटक्यात बाहेर ओढली. व्हॉल्व्ह धड असेल तर नळीची दोन्ही तोंडं आतून बंद असतात, ओढताना पोकळी होते आणि सुटताना 'टप्' आवाज येतो. आमच्या कॉर्नेटने 'फुस्स' केलं. पहिलीनेही फुस्स केलं. तिसरीने तेवढेही कष्ट घेतले नाहीत.

"साहेब, तुम्ही फुंकताय त्यातलं निम्मं आतल्या आत पळतंय," मास्तर म्हणाले. "ह्यात दम न्हाई राहिला."

ह्यात! माझ्यात नव्हे! मी त्यांना आणखी एक चहा पाजला.

त्यांचा उपाय स्वस्त होता. पातळ तेल सोडा, जाडसर तेल घाला. तेलच फट भरून काढतं, एक मोसम निघतो. कायमचा इलाज हवा तर मेरठहून नवं मागवा. मेरठच्या जली कोठी भागात पितळी वाद्यं घडवणाऱ्यांच्या पिढ्या नांदताहेत. नादिर अलींची पेढी तर १८८५पासून. आपल्या देशातल्या बहुतेक वराती मेरठच्या पितळेवर चालतात आणि तिथलं नवं कॉर्नेट काही हजारांत येतं. माझ्या दुरुस्तीच्या पैशांत वाजंत्र्यांचा छोटा ताफा उभा राहील, असं मास्तर म्हणाले नाहीत. ते बायको म्हणाली.

मास्तरांचं गणित चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. मिरवणुकीत पुढे ढोल, मागे डॉल्बी, मध्ये हे. तिथे एका थाऊची फट ऐकू येण्याइतके कान देवाने कुणाला दिलेले नाहीत. दिले असते तर त्या माणसाने गाव सोडलं असतं. वाद्याला मोसमात मिळवायचं किती आणि त्याच्यावर घालायचं किती, हे त्यांना माझ्यापेक्षा, आणि कदाचित आमच्या घरच्या चार्टर्ड अकाउंटंटपेक्षाही, चांगलं कळतं.

पुढे जो भेटेल तो आपल्या शास्त्रातला उपाय सांगू लागला. प्लंबरने टेफ्लॉन टेप सुचवली. समोरच्या ब्लॉकमधल्या निवृत्त इंजिनिअरांनी एम-सील आणून हातावर ठेवलं आणि ते परत घ्यायला तयार होईनात. आई म्हणाली, "वॉशर गेला असेल. पन्नास पैशांचं काम." आईच्या जगात नळाचा वॉशर अजून पन्नास पैशांना मिळतो आणि तो बदलणाऱ्याला गूळ-पाणी दिलं की भागतं.

मधल्या काळात मी तांबट आळीत जाऊन पोचे काढून घेतले. हंड्या-घागरींवर ज्यांचे हात पिढ्यान्‌पिढ्या चालले आहेत, त्यांना कॉर्नेटचा पोचा म्हणजे सुटीतलं काम. तिथल्या काकांनी हातोडीने इतक्या अलगद टिचक्या मारल्या की तेवढ्यावर एखाद्याने ताल धरला असता. आठशे रुपये. घरी आल्यावर आईने चिंच-मीठ घेऊन बाहेरचं पितळ असं काही लखलखीत केलं की रीजंट स्ट्रीट दुरूनही वाचता येऊ लागलं. मग तिने तीन पिस्टनांकडे मोर्चा वळवला. मी ओरडत धावलो. थाऊला पाच हजार आठशे असताना आई चिंचेने किती रुपये घासून टाकील याचा माझ्या मनात हिशेब झाला होता.

दिवाळीत पाहुणे आले. सगळ्यांनी कॉर्नेट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं, त्यात आपापला चेहरा पाहिला. "वा, अगदी नवं करून घेतलंस की!" आठशे रुपये आणि लिंबाएवढी चिंच, यावर एवढं कौतुक. आणि सत्तर हजार खर्च केल्यावर काय दिसणार? काहीही नाही. व्हॉल्व्हच्या दुरुस्तीचं खरं दुःख रकमेत नाही. घर रंगवलं तर भिंत दाखवता येते, दात बसवले तर हसता येतं. इथे सगळं काम नळकांड्याच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या फटीत. आधी होतं तसंच वाद्य परत येणार, आणि पाहुण्यांसमोर मी म्हणणार, "बघा." ते म्हणणार, "काय?"

फरक कळणार तो कानाला, आणि तोही वाजवणारा बरा असेल तर. तिथे माझी बाजू आणखी लंगडी पडत होती.

तरी मी स्थानिक प्रयत्न सोडले नाहीत. पुणे हे पिस्टनांचं शहर आहे. इंजिनांची नळकांडी आतून घासून गोल करणं, दट्ट्यांवर धातूचा थर चढवणं, तो ग्राइंड करून मापात आणणं, हे भोसरीच्या दर दुसऱ्या शेडमध्ये चालतं. मला वाटलं, ज्या गावात लाखो रिक्षा तयार झाल्या त्या गावाला माझे तीन पिस्टन जड नाहीत. एका शेडच्या मालकांनी आस्थेने चौकशी केली, कॅलिपर लावला, मायक्रोमीटर लावला, नळकांडी गोल राहिलेली नसून बदामी झाली आहेत हेही सांगितलं. वाजवणाऱ्याचं बोट पिस्टन सरळ न दाबता जरा तिरकं ओढतं, म्हणून तो एकाच बाजूने झिजतो. शंभर वर्षांपूर्वी कुठल्या तरी गोऱ्या सोल्जरने बोट वाकडं ठेवलं आणि त्याचं बिल आता मला येत होतं.

"होईल," मालक म्हणाले. "नग किती?"

"तीन."

"तीन हजार?"

"तीन."

ते माझ्याकडे बघत राहिले. मशीन लावायला जो वेळ जातो तो तीन नगांना तेवढाच आणि तीन हजारांना तेवढाच, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. शिवाय माझे तिन्ही नग एकमेकांशी जुळणारे नाहीत, प्रत्येकाची जोडी आपापल्या नळकांड्याशी, म्हणजे खरं तर एकेक नगाच्या तीन ऑर्डरी. तिथेच मला उमगलं की मी धातूचे पैसे देत नाहीये. बारा थाऊ निकेलची किंमत चहाएवढीही होणार नाही. ज्या कामाला दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही अशा कामासाठी कुणीतरी आपलं सगळं थांबवायचं, त्याचा तो भाव. मालकांनी चहा पाजला आणि जाताना हळूच विचारलं, "ह्याला सीएनजी किट लागतं का हो?" त्यांच्या शेडमध्ये बराच वेळ हशा चालू होता.

परदेशी पाठवण्याचा प्रस्ताव मग रीतसर बायकोपुढे ठेवला. तिने तो जेवणानंतर, कागद-पेन घेऊन ऐकला.

"आधी हे ठरव, खर्च महसुली की भांडवली?"

मी म्हणालो, खर्च म्हणजे खर्च.

"नाही. वस्तू मूळ स्थितीला परत आणलीस तर ती दुरुस्ती, महसुली. तिच्यात नवीन काही भर घातलीस, क्षमता वाढवलीस, तर भांडवली. अर्थात हे धंद्यातल्या मालमत्तेला. तुझा हा धंदा आहे का?"

"होऊ शकतो."

"उत्पन्न?"

मी पाणी प्यायलो.

पुढचं कलम कस्टम्सचं. दुरुस्तीला बाहेर पाठवलेली वस्तू परत आली की दुरुस्तीचा खर्च, शिवाय जाण्यायेण्याचं भाडं आणि विमा, एवढ्यावर शुल्क बसतं. म्हणजे बिल मोठं तर शुल्क मोठं. कारागिराने मन लावून काम केलं तर सरकारही मन लावणार. हे कसंबसं पचवतो तोच तिने विचारलं, "वय काय त्याचं?"

आणि इथे प्रकरण फिरलं. १९७२चा पुरावशेषांचा कायदा आहे. शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी कारागिरीची वस्तू पुरावशेषात मोडू शकते आणि पुरावशेष कुणा खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. आता, बूझी अँड कंपनी १९३०मध्ये हॉक्स कंपनीशी एक झाली आणि पुढे दोघांचं नाव जोडीने आलं. माझ्या कॉर्नेटवर एकटे बूझी. म्हणजे ते १९३०च्या अलीकडचं असू शकत नाही. पण किती पलीकडचं? वाद्यावर क्रमांक आहे आणि त्या कारखान्याच्या जुन्या वह्या लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयाने जपून ठेवल्या आहेत. क्रमांक कळवला तर कदाचित सालही कळेल. कधी नव्हे ती माझी मनःस्थिती विवाहमंडळात नाव नोंदवणाऱ्या मुलासारखी झाली. वय कुणाला किती सांगायचं हेच ठरेना. पाहुण्यांसाठी ते १९१०चं असायला हवं होतं आणि कस्टम्ससाठी १९२९चं. फिरंगोजी नरसाळ्याने किल्ला लढवावा तसा मी दोन्ही आघाड्या लढवत राहिलो असतो, पण बायको म्हणाली, "आधी वय सिद्ध कर, मग परवानगीचं बघू," आणि कागदाची घडी घातली. तिने घडी घातलेला कागद पुन्हा उघडत नाही.

लाभले ते शेवटी चिंचवडचे एक काका. एका कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले. दोन बेडरूम, हॉल, किचन आणि ड्राय बाल्कनी. बाल्कनीत वॉशिंग मशीनच्या जागी छोटा लेथ. वॉशिंग मशीन हॉलमध्ये. काकूंनी त्याच्यावर क्रोशाचा रुमाल आणि गणपती ठेवून तो विषय मिटवला होता.

काकांनी पिस्टन हातात घेतला, आरपार असलेली भोकं पाहिली आणि त्यांचे डोळे असे काही चमकले की मी मनातल्या मनात बजेट वाढवलं.

"निकेल चढवावं लागेल. जाड."

निकेलसाठी ते मला प्लेटिंगवाल्याकडे घेऊन गेले. तो बाथरूमच्या नळांना चकाकी देतो; त्यांना दहा-बारा मायक्रॉन पुरतं. व्यासावर चार थाऊ भरायचे म्हणजे दर बाजूला दोन, म्हणजे पन्नास मायक्रॉन, शिवाय नंतर घासायला शिल्लक वेगळी. "एवढं निकेल?" तो म्हणाला. "काका, नळाला हात लावला तर नळच तुटायचा." पण काकांचा शब्द मोडवेना. एका रात्री नळांच्या गर्दीत माझे तीन पिस्टन तारेला लटकून टाकीत शिरले. परत आले ते बेढब होऊन. वीज कडांकडे जास्त धावते, त्यामुळे भोकांच्या कडांवर निकेल जाड बसतं आणि मधे पातळ. मला वाटलं वाटोळं झालं. काका खूश. "आता काम सुरू," म्हणाले.

ते काम मी पाहिलंय, म्हणून सत्तर हजार मागणाऱ्या त्या परदेशी कारागिराबद्दल मी आता एक वाकडा शब्द बोलत नाही. आधी नळकांडी आतून घासून गोल केली. मग प्रत्येक पिस्टन ग्राइंड करून मापाच्या जरासा वर ठेवला. मग लॅपिंग: बारीक पेस्ट आणि तेल लावून पिस्टन नळकांड्यात हाताने फिरवायचा आणि वरखाली करायचा, फिरवायचा आणि वरखाली करायचा, धुऊन पुसून बघायचं, परत पेस्ट. घाई केली तर एक हात जास्त फिरतो आणि मग सगळं निकेल पहिल्यापासून. पेस्टचा कण आत राहिला तर तो पुढे वर्षानुवर्षं लॅपिंग करत राहतो, फुकट. मोजायचं तेही लगेच नाही. हाताच्या उबेने पितळ फुगतं, म्हणून काका पिस्टन फडक्यावर ठेवून द्यायचे आणि तो निवेपर्यंत मला टूलरूमच्या गोष्टी सांगायचे. त्या गोष्टींत साहेब नेहमी गाढव असायचा आणि गेज नेहमी बरोबर. मी ऐकत बसे. तासाचा दर तेव्हा बंद असतो अशी माझी समजूत होती. ती बिलात टिकली नाही.

प्लेटिंग धरून झाले चौदा हजार चारशे. बायकोने भागाकार केला. थाऊला बाराशे, इंचाला बारा लाख. "आता परवडणाऱ्या घरांत आलं," ती म्हणाली. तिच्याकडून आलेली ही जवळजवळ शाबासकी होती.

शेवटच्या दिवशी काकांनी दुसऱ्या व्हॉल्व्हची नळी ओढली. टप्! आतून काकूंनी विचारलं, काय फुटलं? काकांनी पहिली ओढली, तिसरी ओढली, मग पुन्हा दुसरी. त्यांना ते फार आवडलं. मी म्हणालो, वाजवून दाखवतो.

"नको नको," ते घाईघाईने म्हणाले. "संगीतातलं मला काही कळत नाही. फिट बसलं ना? झालं."

घरी आणलं. फुंकलं. आणि खरोखरच तो आवाज निघाला, जो दुसऱ्या खोलीतून नव्हे, याच खोलीतून येतो. स्वर जिथे लावला तिथे ठाम उभा. समोरच्या ब्लॉकमधले इंजिनिअर गॅलरीत आले आणि एम-सील न लावल्याचा पश्चात्ताप त्यांच्या चेहऱ्यावर दिसला. आईने भजनी मंडळाची पेटी ओढून घेतली. "हं, लाव सूर." कॉर्नेटचा मोकळा स्वर म्हणजे काळी पाच. तिने काळी पाच दाबली, मी फुंकली.

आईने पेटीवरचा हात उचलला. पांढरी सात दाबून पाहिली. पुन्हा काळी पाच. मग चष्मा काढला.

झालं होतं असं. त्या काळात इंग्रजांच्या बँडांचा सूर आजच्यापेक्षा चढा असे. आज जिथे ४४० कंपनं धरतात तिथे ते सुमारे ४५२ धरत, म्हणजे जवळजवळ पाव स्वर वर. त्यांच्या लष्कराने १९२०च्या दशकाच्या अखेरीस तो उतरवला, तिकडच्या हौशी बँडवाल्यांनी तर १९६०च्या दशकापर्यंत सोडला नाही. माझं कॉर्नेट अगदी अचूक सुरात होतं. फक्त तो सूर काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध, जिथे पेटीवाल्याने पट्टी ठेवलेली नाही. व्हॉल्व्ह गळत होते तोवर आवाजच इतका पातळ होता की त्याचा चढेपणा कुणाला जाणवला नव्हता. चौदा हजार चारशे रुपयांनी तो शंकेला जागा न ठेवता सिद्ध केला.

"आधी बरं होतं," आई म्हणाली. "आधी नेमकं काय चुकतंय ते कळत नव्हतं."

गायकाची गोष्ट वेगळी. तो तंबोरा कुठेही लावून घेतो आणि त्यालाच सा म्हणतो. पण भजनी मंडळाची पेटी हटत नाही, आणि भजनी मंडळ तर त्याहून नाही. उपाय आहे: नळी लांब करायची. मुख्य नळीत एकूण दीड इंचाची भर, आणि त्या प्रमाणात तिन्ही पिस्टनांच्या वेटोळ्यांतही, नाहीतर पिस्टन दाबलेले स्वर बेसूर होतात. बँडांचा सूर उतरला तेव्हा पुष्कळ जुनी वाद्यं अशीच लांब करून घेतली गेली. मी काकांना फोन केला. काका म्हणाले, "नळ्या? आणा की!" आणि त्यांच्या आवाजात तीच चमक ऐकू आली.

मी हे बायकोला सांगितलं. ती मार्चअखेरच्या कामात बुडालेली होती, मान वर न करता तिने विचारलं, "म्हणजे आधी जसं होतं तसं करणार नाहीस. आधी कधीच नव्हतं तसं करणार."

"हो."

"मग हे भांडवली," ती म्हणाली. "पुढच्या आर्थिक वर्षात बघू."